मंदीत स्टेडियम कुठं भरतं, इंग्लंड की जर्मनी?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी फुटबॉल मॅच लागली की फौंड्रीत काम कमी असो नाहीतर पगार लटकलेला असो, पेठेतली पोरं येतातच, कारण तिकीट खिशाला झेपतं. मग जिथं तिकीट महाग तिथं काय होतं?

इंग्लंडमध्ये 2008 नंतरच्या मंदीतपण प्रीमियर लीगची स्टेडियम्स बऱ्यापैकी भरलेलीच होती. पण खरी गोम अशी की बऱ्याच सीटा सीझन तिकिटावर आधीच विकलेल्या असतात, त्यामुळं नोकरी गेली तरी माणूस ते वर्ष मॅच बघतो आणि फटका पुढच्या रिन्यूअलला बसतो, मोठ्या क्लबकडं वेटिंग लिस्ट असते म्हणून त्यांचं निभावतं, छोट्यांचं अवघड होतं. आणि लोकांच्या सहनशक्तीलापण लिमिट आहे, फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूल क्लबनं 77 पौंडांचं तिकीट ठेवायचं ठरवलं तर हजारो फॅन 77 व्या मिनिटाला उठून बाहेर पडले! क्लबनं काही दिवसांतच निर्णय मागं घेतला.

जर्मनीत उभं राहून बघायची स्वस्त जागा मुद्दाम राखलेली असते, डॉर्टमुंड क्लबच्या एकाच स्टँडमध्ये सुमारे 25,000 माणसं उभी राहतात. वर बहुतेक क्लबात निम्म्याहून जास्त मतं मेंबर असलेल्या फॅन लोकांकडं, मग दर कोण वाढवणार?

मला जर्मनीचंच पटतं. आपल्याकडनं आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या मॅचला, गोवा नाहीतर मुंबई गाठायची तर तिकिटापेक्षा गाडीभाडं आणि जेवणच जड जातं, घरात ओढाताण सुरू झाली की पहिल्यांदा हीच ट्रिप कटते.