राज्याची हद्द आणि कुलूपबंद पिस्तूल: आमच्या रेंजवरचा शनिवारचा वर्ग

व्हर्जिनियातल्या आमच्या शूटिंग रेंजवर अधूनमधून एक वर्ग भरतो. विषय एकच: पिस्तूल घेऊन गाडीने दुसऱ्या राज्यात निघालात, तर कायदा तुमच्या पाठीशी कुठपर्यंत उभा राहतो. फी पंच्याहत्तर डॉलर, वेळ जेवणाच्या आधी संपणारी. शिकवणारे गृहस्थ वकील आहेत, आवाज खणखणीत. आमचे दीर न्यू हॅम्पशायरला नॅशुआत असतात आणि उन्हाळ्यात तिकडे नेमबाजीचे सामने होतात, म्हणून मी नाव घातलं. न्यूयॉर्क न ओलांडता तिकडे रस्त्याने जायचं तर थेट कॅनडातून वळसा. त्यामुळे प्रश्न माझ्यासाठी अगदी खरा होता.

मुळात १९८६ चा फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट हा केंद्राचा कायदा. त्यातलं ९२६-ए हे कलम सांगतं की जिथून निघालात आणि जिथे पोचणार आहात, त्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणं आणि जवळ वागवणं तुम्हाला कायदेशीर असेल, तर मधल्या राज्याचा कायदा काहीही असो, तुम्हाला पार जाता येतं. अट अशी की पिस्तूल रिकामं हवं, आणि ते व गोळ्या दोन्ही बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नयेत.

वर्गाचा सगळ्यात चांगला भाग पार्किंगमध्ये झाला. वकीलसाहेबांनी स्वतःच्या एसयूव्हीचं मागचं दार उघडलं आणि विचारलं, 'कुठे ठेवाल?' एक दणकट काका लगेच म्हणाले, ग्लोव्ह बॉक्सला कुलूप आहे की! साहेबांनी मान हलवली. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटीच लागते, आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा, कुलूप असलं तरी चालत नाही. कलमात तसं स्पष्ट लिहिलंय. मग त्यांनी पोलादी पेटी काढली, तिची तार मागच्या सीटच्या पायाला गुंडाळली, पेटीवर सामान रचलं, गोळ्या दुसऱ्या डब्यात. आमच्याकडून प्रत्येकाकडून ते करून घेतलं. माझी तार सीटच्या रुळात अडकली तेव्हा शांतपणे थांबले. असा शिक्षक विरळा.

न्यू जर्सीवर त्यांनी बराच वेळ घेतला, आणि घ्यायलाच हवा. तिथे परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगणं हा पाच ते दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे. २००५ मध्ये युटाचा एक माणूस पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला होता. वाटेत न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावर पुढचं विमान हुकलं, रात्री सामानासकट हॉटेलात मुक्काम पडला. सकाळी विमानतळावर नियमाप्रमाणे 'बॅगेत पिस्तूल आहे' म्हणून स्वतःहून सांगितलं, आणि अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्याने उलट दावा लावला तो २०१० मध्ये अपिलात हरला. कोर्टाचं म्हणणं, हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, तिथे ९२६-ए चं संरक्षण संपलं. म्हणजे चूक विमानाची, भोगलं प्रवाशाने! त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका प्रकरणात दुसऱ्या अपील कोर्टाने सांगितलं की या कलमाच्या आधारे पोलिसांकडून भरपाई मागता येत नाही. साहेबांच्या शब्दांत, हे कलम कोर्टात उपयोगी पडतं. रात्री दोन वाजता टर्नपाइकच्या, म्हणजे टोलवाल्या महामार्गाच्या, कडेला पडेलच असं नाही.

पेट्रोल भरायला, चहापाण्याला थांबलं तर? कलमात थांब्याबद्दल एक अक्षर नाही. त्यांचा सल्ला: थोडक्यात उरका, मुक्काम मधल्या राज्यात टाळा. शिवाय न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनला (पिस्तुलात बसणारी गोळ्यांची डबी) बंदी आहे आणि ९२६-ए मध्ये मॅगझिनचा उल्लेखच नाही, तेव्हा मोठी मॅगझिन घरी ठेवा. मी आय-८१ महामार्गावरून पेनसिल्व्हेनियामार्गे जायचं ठरवलंय. न्यू जर्सी तरी चुकते.

आता तक्रार. शेवटचा सगळा वेळ एका कायदेशीर मदतीच्या सदस्यत्वाची जाहिरात ऐकण्यात गेला. महिन्याला इतके डॉलर, अटक झाली तर वकील हजर, वगैरे. फी घेतल्यावर हे कशाला? त्यापायी विमानप्रवास पाच मिनिटांत गुंडाळला: टणक पेटी, कुलूप, चेक-इन सामान, काउंटरवर सांगायचं, किल्ली आपल्याकडे. इतकं विमानतळाच्या पाटीवरही वाचता येतं.

आपल्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट, जी वर्गात कुणी विचारलीच नाही. एच-१बी सारख्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा परवाना असे थोडेच अपवाद. वर्गाला जायच्या आधी हे तपासा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.

पाचापैकी साडेतीन तारे. स्वतःची गाडी आणि स्वतःची रिकामी पेटी घेऊन जा, पार्किंगमधला भाग त्याशिवाय अर्धा वाया जातो. जाहिरात सुरू झाली की उठलात तरी चालेल, प्रमाणपत्र आधीच हातात मिळतं.