‘मुस्तफा’चं जुनं मशीन घरी आणलं, त्याला आठ महिने झाले

इचलकरंजीतलं एक व्हिडिओ गेम पार्लर कधीच बंद झालं होतं. मालकांनी उरलेली तीन मशीनं गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली ठेवली होती. त्यातलं एक मी दिवाळीनंतर १८,००० रुपयांना घेतलं आणि टेम्पोनं पुण्याला, आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. याआधी मला यातलं काहीही येत नव्हतं. रेडिओसुद्धा कधी उघडला नव्हता. आता निम्मा पावसाळाही पार पडलाय, तेव्हा खात्रीनं सांगण्यासारखं बरंच साठलंय.

गेम अर्थातच मुस्तफा. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. निवडायला चौघे जण असतात, पण आमच्या गल्लीत सगळ्यांना धावत जाऊन लाथ मारणारा मुस्तफाच हवा असायचा, म्हणून गेमलाच त्याचं नाव पडलं. मला हाच गेम हवा होता. त्या नादात मशीन बघताना मी पडद्यावरचा गेमच बघत बसलो आणि तिथंच चुकलो.

गेम म्हणजे आतला एक सर्किट बोर्ड. तो काढून दुसरा लावता येतो. १९८५ साली जपानमध्ये ‘जामा’ नावाची जोडणी ठरली. ५६ टोकांचा एकच पट्टा, त्यातून वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक सगळं जातं. आपल्याकडच्या पार्लरमधली बरीच मशीनं याच जोडणीवर चालायची. त्यामुळे बोर्ड बिघडला तर दुसरा मिळवता येतो. पिक्चर ट्यूबचं तसं नाही. ती आता जवळपास कोणी बनवत नाही. १८,००० रुपये मी खरं म्हणजे २० इंची ट्यूब आणि प्लायवूडच्या पेटीसाठी मोजले होते, आणि नेमकं तेच नीट तपासलं नव्हतं.

मालकांनी दहा मिनिटं चालू करून दाखवलं, तेव्हा चित्र छान होतं. घरी चाळीस मिनिटांनी ते उभं आकसायला लागलं, मग मध्येच गेम आपोआप पहिल्यापासून सुरू व्हायचा. दोन आठवडे मी बोर्डालाच दोष देत होतो.

शेवटी आमच्या भागात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका सापडले. वय सत्तरच्या पुढे. पाठीमागचं दार उघडून त्यांनी आधी बोर्डापाशी मीटर लावला. ५ व्होल्ट हवेत तिथं ४.७ येत होते. पॉवर सप्लायवरचा छोटा स्क्रू फिरवून त्यांनी ते ५.०५ वर आणले आणि गेम मध्येच पहिल्यापासून सुरू व्हायचा थांबला. “याच्या फार वर नेऊ नका, बोर्डावरच्या आयसी (चिप) जळतील,” एवढं बजावलं. चित्र आकसण्याचं कारण मॉनिटरमधलं ड्राय सोल्डर, म्हणजे सैल पडलेले जोड, आणि सुकलेले कपॅसिटर. सगळं मिळून २,२०० रुपयांत झालं.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती आठवली की आजही पोटात गोळा येतो. जामाच्या पट्ट्यात सातव्या जागी एक किल्ली, म्हणजे अडवणारा छोटा तुकडा, असते, पट्टा उलटा बसू नये म्हणून. माझ्यातली कोणीतरी काढून टाकली होती. साफसफाई करताना मी तो पट्टा दोनदा काढून लावला होता. उलटा लागला असता तर बोर्ड जागच्या जागी गेला असता. आता तिथं लाल रंगाची खूण केली आहे.

विजेबद्दल मात्र अगदी हात जोडून सांगतो. मशीनमधला मॉनिटर म्हणजे जुन्या टीव्हीचीच चॅसिस, आणि ती थेट मेन्सशी जोडलेली असू शकते. मध्ये तिला मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे का, हे विचारूनच घ्या. माझ्यात तो होता, पण अर्थिंगची वायर तुटलेली होती. कॉइनच्या दाराला हात लागला की मुंग्या यायच्या. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो काही काळ राहतो. मागचं दार मी उघडतो. ट्यूबला हात फक्त काका लावतात.

पेटीला वाळवी नव्हती, हे नशीब. पण खालची कड फुगली होती, आणि रोज फरशी पुसताना पाणी लागून ती आणखी फुगायला लागली. चार लाकडी ठोकळे खाली सरकवले, थांबलं. पावसाळ्यात चार दिवस बंद ठेवून चालू केलं, तर आतून चरचर आवाज आला. तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास चालवतो.

बोर्ड नक्कल निघाला. कॅपकॉमची छाप नाही, संगीतही जरा पत्र्यासारखं वाजतं. अस्सल बोर्डावर आवाजाचा प्रोग्रॅम उलगडणारा गुप्त कोड सांभाळणारी बॅटरी असते, ती संपली की कोड पुसला जातो आणि आवाज जातो. माझ्यात ती भानगड नाही. मला नकलेचं वाईट वाटलं नाही, कारण लहानपणी मी जे ऐकलं ते असंच वाजत असणार.

ट्यूब काढून एलसीडी बसवा, हजार गेमचा बोर्ड टाका, असं दोघांनी सुचवलं. कुणाला तेच आवडत असेल तर जरूर करावं. मला त्या काचेचा किंचित फुगीर पडदा आणि चालू करताना येणारा ‘टण्ण’ हवाच होता. माझी दहा वर्षांची मुलगी स्टुलावर उभी राहून, चौघांतली हॅना घेऊन खेळते. दोन्ही बटणं एकदम दाबली की मोठा वार होतो पण आपलंही रक्त कमी होतं, हे तिनं कुणी न सांगता शोधून काढलं.

सध्या दोन कामं बाकी आहेत. हा गेम तिघांचा आहे, पण जामाच्या पट्ट्यात दोघांच्याच वायरी बसतात. तिसऱ्यासाठी वेगळी जोडणी लागते आणि माझ्या पॅनेलवर तेवढी जागा नाही. दुसरं म्हणजे, चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं लाल रंग फिका दिसतो. काका म्हणाले, ट्यूब दमायला लागलीय, अजून काही वर्षं जाईल. भंगारातल्या एका टीव्हीची चांगली २० इंची ट्यूब त्यांनी माझ्यासाठी बाजूला काढली आहे. रविवारी ती आणायला जाणार आहे.