‘पंप गेला’ म्हणतील, आधी पाइप बघायला लावा

देवगड, विजयदुर्ग, मालवण या पट्ट्यात आंबा आणि मासळी वाहणारे जेवढे डिझेल पिकअपवाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या गाडीचा चांगला चालता डिझेल पंप एका गॅरेजवाल्याने ‘गेला’ म्हणून काढून घेतला, त्या जागी रंग मारलेला जुना पंप बसवला आणि पैसे नव्याचे लावले. बिघाड पंपात नव्हताच. चासीखालून जाणारा डिझेलचा पाइप गंजला होता, तिथे होता.

गाडी पुतण्या चालवतो. हंगामात पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूर, आणि जून-जुलैची मासेमारी बंदी सोडली तर उरलेल्या दिवसांत मासळी. एप्रिल लागला आणि तो म्हणायला लागला, “काका, फोंड्याच्या चढणीक गाडी ओढणा नाय. चेक लाइट पेटता नि ताकदच जाता.” सकाळी सेल्फही बराच वेळ मारावा लागायचा. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती, आणि खरं निदान तीच होती. टाकी फुल असली की त्रास कमी, अर्ध्याच्या खाली आली की जास्त. हे त्याने गॅरेजमध्येही सांगितलं. तिथे कोणी ऐकून घेतलं नाही.

गॅरेज महामार्गावरचं, पाटी मोठी. स्कॅनर लावला, पी००८७ हा कोड आला. “बघा शेट, मशीनच सांगतंय. हाय प्रेशर पंप गेला.” मग बोटावर चंदेरी चुरा घेऊन आला. “पंपाने चुरा सोडलाय. आज नाय बदललात तर इंजेक्टर जातील, मग लाखाच्या पुढे.” इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल. घरी पेट्या भरून पडलेल्या. पिकलेला आंबा थांबत नाही, आणि हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. साडेअठ्ठावन्न हजार घेतले. जुना पंप मागितला तर म्हणाला, “तो एक्सचेंजमध्ये गेला, म्हणून तर एवढ्यात बसलं.” बिल म्हणून वहीचा कागद, त्यावर ना जीएसटी नंबर, ना पंपाचा नंबर.

आता या दोन पुराव्यांचं सांगतो, कारण असेच पुरावे तुमच्याही पुढे धरले जातील.

पी००८७ चा अर्थ इतकाच, की इंजिनाच्या कॉम्प्युटरने रेलमध्ये, म्हणजे पंपाकडून डिझेल घेऊन सगळ्या इंजेक्टरना पुरवणाऱ्या जाड नळीत, जेवढं प्रेशर मागितलं तेवढं भरलं नाही. का भरलं नाही, ते कोड सांगत नाही. फिल्टर चोक असेल, टाकीतली जाळी गाळाने भरली असेल, पाइप हवा ओढत असेल, पंपात किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह अडकत असेल, रेलचा सेन्सर चुकीचा आकडा देत असेल, एखादा इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात, जास्त डिझेल सोडत असेल. यातलं काहीही असलं तरी कोड हाच येतो. पंप त्या यादीतला एक, आणि महाग असल्यामुळे तपासायचा सर्वांत शेवटी.

चुऱ्याचं तर त्याहून सरळ आहे. पंप आतून झिजून खरोखर चुरा सोडतो तेव्हा तो चुरा पंपात बसून राहत नाही. रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नच्या पाइपाने थेट टाकीत जातो. मग टाकी उतरवून धुवावी लागते, पाइप आणि रेल साफ करावी लागते, इंजेक्टर तपासावे लागतात. नाहीतर नवीन पंप तोच चुरा पिऊन पुन्हा खराब होतो. आमच्याकडे टाकीला कोणी हातही लावला नाही. फक्त पंप आणि फिल्टर बदलला. चुरा दाखवणाऱ्याला तो चुरा आमच्या गाडीतला नाही हे माहीत होतं, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

गॅरेजमधून निघाल्यावर गाडी चांगली चालली. फसवणारे सुटतात ते इथेच. नवीन फिल्टरने ओढ हलकी झाली होती, पाइपातली हवा त्यांनी काढून दिली होती आणि टाकी फुल होती. सपाटीवर काहीच जाणवलं नाही. टाकी खाली येत गेली आणि पेट्यांनी भरलेली गाडी दाजीपूरकडे चढताना पुन्हा तशीच बसली. तो माल दुसऱ्या गाडीत भरून पाठवला. भाडं गेलं, आणि वर्षानुवर्षं माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा शब्द ऐकावा लागला तो वेगळाच.

कोल्हापूरला डिझेल पंपाचंच काम करणाऱ्या एका लॅबमध्ये गाडी नेली. तिथल्या मिस्त्रींनी पुतण्याला आधी विचारलं, “टाकी किती असताना होतंय?” उत्तर ऐकलं आणि गाडीखाली शिरले. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावली. रेस वाढवली की नळीतून बुडबुड्यांची रांग. मग टाकी आणि चासीवरचा पाइप बाजूला ठेवून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून पंपाला थेट पुरवठा दिला. बुडबुडे बंद. स्कॅनरवर मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून दाखवले. रेस दिली की दोन्ही एकत्र वर जात होते. म्हणजे दोष पाइपात. चासीच्या क्लिपखाली लोखंडी पाइपाला गंज लागून भोक पडलं होतं.

गंज आला मासळीच्या पाण्याने. बर्फ वितळतो, मिठाचं पाणी हौद्यातून गळतं आणि बरोबर त्या क्लिपपाशी साचतं. मासळी वाहणाऱ्या प्रत्येक गाडीत ही जागा बघायला हवी. आणि खाली डिझेल ठिबकत नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. आमच्यासारख्या गाडीत टाकीत मोटर नसते, इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे त्या पाइपातलं भोक डिझेल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेतं. रात्री त्याच भोकातून हवा शिरून डिझेल टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ लांबतो. टाकी खाली गेली की ओढ वाढते, म्हणून हवाही जास्त. पुतण्याने सांगितलेली तिन्ही लक्षणं त्या एका भोकाची होती. पाइपाचा तुकडा, होज, क्लिप आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं, पक्क्या बिलासह.

तिथेच मिस्त्रींनी बसवलेला पंप पाहिला आणि गप्प झाले. वर ताजा चंदेरी रंग, बोल्टांच्या कडा मोडलेल्या, नंबराची पट्टी घासलेली. गाडी जुनी घेतली तेव्हा मी इंजिनाचे सगळीकडून फोटो काढून ठेवले होते, त्यात मूळ पंपाचा नंबर स्पष्ट वाचता येतो. आमचा चालू पंप आज दुसऱ्या कोणाच्या गाडीत ‘नवीन’ म्हणून फिरत असणार. त्याचीही फसवणूक झालेली असणार, आणि त्याला ते माहीतही नसेल.

म्हणून ‘पंप काढतो’ म्हणताक्षणी स्कॅनरवर मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर दाखवायला सांगा. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत (अशी रेल असलेल्या, आमच्यासारख्या) सेल्फ मारताना रेलमध्ये साधारण २०० बार (बार हे प्रेशरचं माप) झाल्याशिवाय इंजिन उचलत नाही, आणि आयडलला, म्हणजे रेस न देता, अडीचशे-तीनशेच्या आसपास आकडा दिसतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातूनच घ्या. फिल्टरच्या तळातलं पाणी तुमच्यासमोर काढायला लावा, आपल्या पावसात आणि दमट हवेत अर्ध्या टाकीत ते साचतंच. नळी आणि कॅनची तपासणी कुठल्याही गॅरेजमध्ये थोड्या वेळात होते. इंजेक्टरवर बोट दाखवलं तर प्रत्येकाचा रिटर्न वेगळ्या बाटलीत घेऊन तुलना दाखवा म्हणावं. जो यातलं काहीच करायला तयार नाही, त्याला पान्याला हात लावू देऊ नका. पंप उतरण्याआधी त्याच्या पट्टीचा फोटो काढा आणि जुना पार्ट परत मिळेल हे कागदावर लिहून घ्या.

एक कळकळीची विनंती चालकांना. जुन्या गाड्यांत चालू इंजिनवर इंजेक्टरचे नट सैल करून मिसिंग, म्हणजे कुठला सिलिंडर नीट चालत नाही ते, शोधायचे. कॉमन रेलमध्ये ते चुकूनही करू नका, गळती हाताने चाचपू नका. त्या प्रेशरचा धागाभर फवाराही कातडीतून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तडक इस्पितळ गाठा, बोट किंवा हात जाऊ शकतो.

आम्ही ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि गॅरेजला नोटीस पाठवली. ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ असं उत्तर मिळालं. ते खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार केवळ स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली आणि वापरलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आमच्याकडे यूपीआयची नोंद, वहीचा कागद, दोन्ही पंपांचे फोटो आणि कोल्हापूरचा लेखी अहवाल आहे. नोटीस मिळाल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला, अर्धे पैसे देतो, मिटवून टाका म्हणाला. मी त्याला सांगितलं, पैशांचं नंतर बोलू, आधी माझा पंप कोणाच्या गाडीत बसवलास ते लिहून दे.