रोजची १,००० आययूची गोळी की आठवड्याची ६०,००० आययूची कॅप्सूल? प्रतिकारशक्तीसाठी ड जीवनसत्त्व निवडताना

इंदूरच्या दवा बाजारात किंवा आपल्या वस्तीतल्या मेडिकलवर ‘व्हिटॅमिन डी द्या’ एवढेच म्हटले, तर बहुधा ६०,००० आययूची (आययू हे मात्रा मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक), आठवड्यातून एकदा घ्यायची कॅप्सूल हातात पडते. हाडांच्या दुखण्यासाठी घराघरांत परिचित झालेली ही कॅप्सूल कोविडच्या साथीपासून ‘इम्युनिटीसाठी’ म्हणूनही घेतली जाऊ लागली, आणि पुष्कळ कुटुंबांत ती कोणी, कधी आणि किती आठवड्यांसाठी लिहून दिली होती हे विसरून पुढे चालूच राहिली. त्याच दुकानात १,००० किंवा २,००० आययूची रोजची गोळी, दुधात घालायची पुडी, लहान बाटलीतले द्रावण आणि कॅल्शियममिश्रित गोळ्याही असतात. माझे मत आरंभीच नोंदवतो: ज्यांना तपासणीत कमतरता आढळलेली नाही आणि केवळ प्रतिकारशक्तीला आधार म्हणून हे जीवनसत्त्व घ्यायचे आहे, त्यांनी रोजची लहान मात्रा निवडावी. ६०,००० आययूची कॅप्सूल हे कमतरतेवरचे, ठरावीक आठवड्यांचे औषध आहे.

या मताचा आधार समजण्यासाठी हे जीवनसत्त्व प्रतिकारशक्तीत नेमके काय करते ते पाहावे लागते. आपल्या संरक्षक पेशींमध्ये ड जीवनसत्त्वाला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी जंतू ओळखतात तेव्हा रक्तातील ड जीवनसत्त्वाच्या साठ्याच्या रूपापासून त्याचे सक्रिय रूप स्वतःच तयार करतात आणि त्याच्या साहाय्याने कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन बनवतात. क्षयाच्या जंतूंच्या संदर्भात ही साखळी २००६ साली प्रयोगशाळेत स्पष्टपणे दाखवली गेली. म्हणजे साठाच रिकामा असेल, तर पेशींना कच्चा माल मिळत नाही. पण साठा पुरेसा असताना त्यात आणखी भर घातल्याने संरक्षण त्याच प्रमाणात वाढते, असे यातून सिद्ध होत नाही. जाहिराती नेमका हाच फरक पुसून टाकतात.

माणसांवरील चाचण्याही याच दिशेने बोट दाखवतात. २०१७ साली २५ चाचण्यांतील सुमारे ११,००० जणांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला लहान मात्रा दिली होती त्यांच्यात श्वसनमार्गाचे संसर्ग काहीसे कमी आढळले, आणि ज्यांची मूळ पातळी १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षाही कमी होती त्यांना सर्वाधिक लाभ झाला. एका वेळी ३०,००० आययू किंवा त्याहून मोठी मात्रा दिलेल्या गटात मात्र असा लाभ दिसला नाही. २०२१ च्या सुधारित विश्लेषणात रोज ४०० ते १,००० आययू घेणाऱ्यांत थोडा परिणाम दिसला. तथापि २०२५ मध्ये ४६ चाचण्या आणि ६४,००० हून अधिक लोक विचारात घेतले, तेव्हा सरासरी परिणाम इतका लहान निघाला की तो संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ६,२०० प्रौढांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही, तपासणी करून कमी पातळी असलेल्यांना रोज ८०० किंवा ३,२०० आययू दिल्याने श्वसनसंसर्ग वा कोविड कमी झाला नाही. म्हणून ज्याची पातळी मुळातच चांगली आहे त्याने या गोळीकडून सर्दी-खोकल्यापासून सुटकेची अपेक्षा ठेवू नये. ज्याची पातळी फार खालावलेली आहे त्याला ती भरून काढण्याचे कारण हाडांसाठी तर आहेच, प्रतिकारशक्तीसाठीही असू शकते.

आता मुख्य तुलनेकडे येऊ. आठवड्याला ६०,००० आययू म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे ८,५७० आययू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढांसाठी दिवसाला ६०० आययूची शिफारस केली आणि सुरक्षित सेवनाची वरची मर्यादा ४,००० आययू ठेवली. साप्ताहिक कॅप्सूल या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरते. कमतरता असताना डॉक्टर ती साधारणपणे आठ आठवड्यांसाठी देतात आणि त्या काळापुरते ते योग्यच असते, कारण रिकामा साठा लवकर भरणे हा हेतू असतो. वर्षानुवर्षे तशीच घेत राहण्यासाठी ती मात्रा ठरवलेली नाही.

पण प्रश्न केवळ बेरजेचा नाही. महिन्याला एक कॅप्सूल घेतली तर सरासरी दिवसाला २,००० आययू पडतात, म्हणजे कागदावर ती रोजच्या २,००० आययूच्या गोळीइतकीच होते. शरीरात मात्र दोन्हींचा प्रवास वेगळा असतो. घेतलेले मूळ डी-३ (गोळ्या-कॅप्सूलांत बहुधा असणारे ड जीवनसत्त्वाचे रूप) रक्तात साधारण एखादा दिवसच टिकते, तर यकृतात त्यापासून बनणारे साठ्याचे रूप दोन-तीन आठवडे टिकते. रोजच्या गोळीने दोन्ही रूपे पेशींना सातत्याने उपलब्ध राहतात. मोठ्या मात्रेने आधी लाट येते आणि मग ओहोटी लागते, शिवाय त्या लाटेला उत्तर म्हणून शरीर हे जीवनसत्त्व मोडून टाकणारी विकरे (एन्झाइम) वाढवते. मोठ्या मात्रांचा संसर्गावर परिणाम का दिसत नाही याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. अतिमोठ्या मात्रेचा धोकाही नोंदलेला आहे: ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरील २,२५६ स्त्रियांच्या चाचणीत वर्षातून एकदा ५,००,००० आययू घेणाऱ्यांत पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण वाढले, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे अजूनही काही ज्येष्ठांना ‘एकदाच घेऊन टाकू’ म्हणून ३ किंवा ६ लाख आययूचे इंजेक्शन सोयीचे वाटते, त्यांच्या मुलांनी हा निष्कर्ष अवश्य लक्षात घ्यावा. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही ५० वर्षांवरील गरजूंसाठी मधूनमधून घेतलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा रोजची लहान मात्रा बरी, असेच सुचवले आहे.

साप्ताहिक कॅप्सूलच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी, ती म्हणजे सोय. आधीच रक्तदाब, मधुमेह आणि थायरॉइडच्या गोळ्यांचा डबा सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना आणखी एक रोजची गोळी जड वाटते आणि ती विसरली जाते. विसरलेल्या रोजच्या गोळीपेक्षा नियमाने घेतलेली साप्ताहिक मात्रा निश्चितच उपयोगी ठरते. अशा वेळी आठवड्याला किती आययू घ्यावे हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ते ६०,००० च असले पाहिजे असे नाही.

डी-३ आणि डी-२ यांत निवड सोपी आहे. डी-३ म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल रक्तातील पातळी अधिक वाढवते आणि अधिक काळ टिकवते, म्हणून ते घ्यावे. ते बहुधा मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिनपासून तयार होते. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी लायकेनपासून बनवलेले डी-३ किंवा बुरशीपासून बनवलेले डी-२ उपलब्ध असते. शाकाहारी घरांत खरी अडचण कॅप्सूलच्या प्राणिज जिलेटिनच्या कवचाची असते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर हिरवा ठिपका पाहता येतो, पण औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर तो असेलच असे नाही. तेव्हा पुडी, गोळी किंवा द्रावण घ्यावे. या रूपांमध्ये परिणामाचा मोठा फरक नाही. ‘नॅनो’ लिहिलेल्या महाग द्रावणाचा विचार आतड्याचा जुना आजार किंवा पित्तमार्गाचा अडथळा असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा. निरोगी पचन असलेल्याला जास्त पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. साधे कोलेकॅल्सिफेरॉल जनऔषधी केंद्रात जेनेरिक नावानेही मिळते. कोणतेही रूप घेतले तरी ते सकाळच्या नुसत्या चहासोबत न घेता तूप-तेल असलेल्या मुख्य जेवणासोबत घ्यावे, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धांशासह चांगले शोषले जाते.

कॅल्सिट्रिऑल हे नाव दिसले तर मात्र थांबावे. ते ड जीवनसत्त्वाचे थेट सक्रिय रूप असून मूत्रपिंडाच्या आजारासारख्या विशिष्ट कारणांसाठी दिले जाते. त्याने रक्तातील कॅल्शियम वेगाने वाढू शकते, म्हणून ते प्रतिकारशक्तीसाठी आपल्या मनाने घेण्याचे औषध नव्हे.

मिश्र गोळ्यांबाबत लेबल नीट वाचावे. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या प्रचलित गोळीत डी-३ अनेकदा फक्त २५० आययू असते. ड जीवनसत्त्वासाठी ती घेणे म्हणजे नको असलेले कॅल्शियम घेऊन हवे ते अपुरे घेणे होय. के-२ जीवनसत्त्व मिसळलेली गोळी वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेली असल्यास तिला ४० ने गुणावे म्हणजे आययू मिळतात. २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० आययू.

इंदूर कर्कवृत्ताच्या इतके जवळ असताना गोळी हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. नेहरू पार्कात पहाटे फिरणारे कोवळ्या उन्हावर विसंबतात, पण त्वचेत हे जीवनसत्त्व घडवणारे अतिनील-बी किरण त्या वेळी जवळजवळ नसतात. आपली सावली उंचीपेक्षा लहान असते तेव्हाचे ऊन उपयोगी, हा ढोबळ निकष आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात इंदूरला सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारासही क्षितिजापासून जेमतेम ४४ अंश वर असतो आणि सावली उंचीपेक्षा किंचित लांबच पडते. ग्वाल्हेरला ती आणखी लांब असते. पावसाळ्यातले ढग, सावळी त्वचा, अंगभर कपडे आणि विजयनगरच्या कार्यालयांतील काचा (काच हे किरण अडवते) यांची भर घातली, तर उन्हाच्या शहरात कमतरता का आढळते ते समजते. आहाराचा हातभार मर्यादित आहे. ‘प्लस एफ’ चिन्हाच्या पोषणसमृद्ध दुधात लिटरमागे २०० ते ३०० आययू असावेत असा नियम आहे, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यातून ५० ते ७५ आययू मिळतात. पोहे, वरणभात आणि पोळीभाजीतून जवळजवळ काहीच मिळत नाही. तरीही जी व्यक्ती दुपारच्या उन्हात हात-पाय उघडे ठेवून नियमित काम करते, तिला बहुधा गोळीची गरज नसते.

निरोगी प्रौढाने केवळ कुतूहलापोटी रक्ततपासणी करावी असे मी म्हणणार नाही; रोजच्या ६०० ते १,००० आययूसाठी ती आवश्यक नाही. हाडे किंवा स्नायू दुखत असतील, लठ्ठपणा असेल, आतड्याचा विकार असेल, किंवा स्टेरॉइड वा फिटाची औषधे दीर्घकाळ चालू असतील, तर तपासणी करून मग मात्रा ठरवावी, कारण लठ्ठपणा, आतड्याचा विकार किंवा अशी औषधे असणाऱ्यांना अनेकदा दुप्पट-तिप्पट मात्रा लागते. २० नॅनोग्रॅमखाली पातळी आल्यास साप्ताहिक ६०,००० चा क्रम डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूर्ण करून पुढे रोजच्या लहान मात्रेवर यावे. मूतखडा, मूत्रपिंडाचा आजार, सारकॉइडोसिस किंवा क्षय असलेल्यांनी, तसेच हृदयविकारावरचे डिगॉक्सिन किंवा रक्तदाबासाठीची थायझाइड गटातील औषधे घेणाऱ्यांनी लहान मात्राही विचारूनच सुरू करावी. साप्ताहिक कॅप्सूल चालू असताना फार तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता किंवा गोंधळलेपण जाणवले, तर ती थांबवून रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे.

तान्ह्या बाळासाठी निवड वेगळीच आहे: त्याला दिवसाला ४०० आययू पुरतात आणि ते थेंबांच्याच रूपात द्यायचे असतात. बाजारात मिलिलिटरला ४०० आणि ८०० आययू अशा दोन्ही तीव्रतेच्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून नवी बाटली आणली की आकडा पुन्हा वाचावा आणि तिच्यासोबत आलेल्या ड्रॉपरनेच मोजून द्यावे.