मॅनिफोल्डला स्टेनलेस बोल्ट : अकरा महिन्यांनंतर

इंजिन थंड असताना आवाज नाही, तापलं की टिक-टिक सुरू. एक्झॉस्ट गळत असेल तर एरवी उलट होतं. सकाळी आवाज येतो आणि धातू फुगून फट बुजली की थांबतो. उत्तर या उलटेपणातच होतं. ते कळेपर्यंत सहा महिने गेले आणि तीन गॅस्केट (सांध्यातून वायू गळू नये म्हणून मधे बसवायच्या पट्ट्या) वाया गेले.

इंजिन चार सिलिंडरचं, जुनं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. त्याला बोल्टांनी जोडलेला, जळलेला वायू गोळा करून पाइपात सोडणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिडाचा. मूळचे बोल्ट असे गंजले होते की टोकाचा एक सोडवताना त्याचं डोकंच हातात आलं. हेडमध्ये अडकलेला तुकडा ड्रिल करून काढण्यात अख्खा दिवस गेला. पुन्हा गंज नको म्हणून एक्झॉस्ट आणि इनटेक (हवा आत नेणारा मॅनिफोल्ड) दोन्हीकडे एम८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे, ए२-७० दर्जाचे स्टेनलेस बोल्ट बसवले. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "मूळ बोल्टाइतकेच मजबूत आहेत, टॉर्कही तेवढाच द्या." टॉर्क म्हणजे पान्याने आवळण्याचा जोर. या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पहिले दोन महिने मी खूश होतो. बोल्टांची डोकी आधी सोनेरी, मग निळसर झाली, गंजाचा ठिपका नाही. तेव्हा विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हणालो असतो.

तिसऱ्या महिन्यात आवाज आला. चौथ्या पोर्टच्या (सिलिंडरमधून वायू बाहेर येण्याच्या तोंडाच्या) खाली काजळीचा पंख्यासारखा डाग दिसला. गॅस्केट खराब निघालं असं समजून बदललं, बोल्ट तेच लावले. तीन आठवड्यांत पुन्हा तेच.

या वेळी काढलेला एक बोल्ट न वापरलेल्या बोल्टाला चिकटवून उजेडात धरला. सुरुवातीचे चार-पाच आटे एकमेकांत बरोबर बसले, पुढे मात्र एकाचा आटा दुसऱ्याच्या माथ्यावर चढला आणि मधून उजेड दिसू लागला. बोल्ट कायमचा लांबला होता. मूळ ८.८ दर्जाच्या साध्या स्टीलचा बोल्ट सुमारे ६४० मेगापास्कलपर्यंत ताण घेऊन परत मूळ लांबीवर येतो, ए२-७० फक्त ४५० पर्यंत. ७० हा आकडा तुटण्याच्या ताकदीचा, ७०० मेगापास्कलचा. मी ८.८ च्या हिशेबाने २५ न्यूटन-मीटर दिले, तेही आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) ग्रीस लावून. ग्रीसने घर्षण कमी होतं, म्हणजे तेवढ्याच टॉर्कला ताण आणखी वाढतो.

नवे बोल्ट, नवं गॅस्केट, टॉर्क १५. दीड महिना शांतता. मग पुन्हा गरम झाल्यावर टिक-टिक.

तेव्हा कागद घेऊन बसलो. एका अंशाला, एका मीटरमागे बीड साधारण १० ते ११ मायक्रॉन फुगतं, हे स्टेनलेस १६ ते १७. माझा फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डची बोल्टांनी आवळायची कड, १२ मिलिमीटर जाड. ४०० अंश तापमान वाढलं तर बोल्ट फ्लँजपेक्षा जवळपास ०.०३ मिलिमीटर जास्त लांबतो. आवळताना तो ताणला गेलेला असतो सुमारे ०.०२. म्हणजे पकड उरतच नाही. हिशेब ढोबळ आहे. बोल्ट पाण्याने थंड राहणाऱ्या हेडमध्ये रुतलेला, त्यामुळे तो फ्लँजइतका तापत नाही आणि थोडं वाचतं. पण एवढ्या आखूड बोल्टाला ते पुरत नाही. ए४ हे जास्त गंजरोधक स्टेनलेस घेऊनही हे सुटलं नसतं. ए४-८० ताकदीला चांगला, मिठाच्या पाण्याला जास्त टिकतो, पण फुगतो जवळजवळ तेवढाच. त्यासाठी जास्तीचे पैसे मी मोजणार नाही.

सहाव्या महिन्यात साध्या स्टीलचे स्टड (डोकं नसलेले, दोन्हीकडे आटे असलेले बोल्ट) आणि तांब्याचा मुलामा दिलेले नट बसवले. साधं स्टील ११ ते १२ मायक्रॉन फुगतं, बिडाच्या जवळ. स्टेनलेसवर स्टेनलेस नट फिरवताना आटे एकमेकांना धरतात. खालच्या पाइपच्या सांध्यावर माझा एक नट असाच जाम होऊन कापावा लागला. तांब्याच्या मुलाम्याने ती भीती कमी होते. गेले पाच महिने एकदाही टिक नाही. स्टडवर तपकिरी गंज आलाय, तो मी मुकाट्याने स्वीकारलाय.

एक्झॉस्टला स्टेनलेसच हवं असेल त्याने लांब स्टड आणि त्यावर त्याच धातूची नळी घालावी. स्टड लांब असला की आवळताना जास्त ताणला जातो, फुगण्यातला फरक मात्र फ्लँजपुरताच राहतो.

इथवर लिहिल्यावर स्टेनलेस नकोच असं म्हणणार होतो. पण मागच्या आठवड्यात सफाईसाठी इनटेक उतरवला आणि मत बदललं. तिथले ए२ बोल्ट पान्याने एकदा ढिले केल्यावर बोटांनी फिरत बाहेर आले, आटे स्वच्छ, हेडच्या भोकात ॲल्युमिनियम गंजल्याची पांढरी भुकटी नाही. इनटेक ॲल्युमिनियमचा, तो २३ मायक्रॉन फुगतो, बोल्टापेक्षा जास्त. त्यामुळे गरम झाल्यावर पकड सुटत नाही, उलट थोडी वाढते. ग्रीस मात्र इथेही हवंच, नाहीतर ओलाव्यात स्टेनलेसच्या संगतीने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तेच बोल्ट पुसून, नवं ग्रीस लावून परत बसवलेत. एक्झॉस्टमधून काढलेल्यांपैकी जे ताणले गेले नव्हते, ते उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला लावले.