एका बादलीचं दूध काढायचं यंत्र

घरच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायींसाठी घेतलं. पान्हा सोडल्यावरच सडांना कप लावायचे, मग पाच-सात मिनिटांत गाय मोकळी. आईच्या मनगटांना केवढा आराम मिळालाय! पहिलारू गाय आवाजाला बिचकायची. आधी नुसतं यंत्र चालू ठेवून सवय लावली.

यंत्राची ओढ (व्हॅक्यूम) दाखवणाऱ्या गेजचा काटा ४० ते ५० केपीएमध्ये (किलोपास्कल) स्थिर राहतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ओढ वाढली की सडांची टोकं दुखावतात आणि दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, वाट मिळते. कपांच्या आतले रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदलावे लागतात, पण विक्रेत्याकडे ते वेळेवर नसतात. म्हणून एक तारा कमी. लाइट जात असेल तर इंजिनजोड असलेलंच घ्या. आणि दर धारेनंतर धुवायचा कंटाळा असेल, तर घेऊच नका.