जुना लॅपटॉप वेब सर्व्हर म्हणून: सात महिन्यांनंतर, आणि मुख्यतः बॅटरीबद्दल

तीन आठवड्यांपूर्वी काही बघायला झाकण उघडलं, तर टचपॅडचं डावं क्लिक लागेना. निरखून पाहिलं तेव्हा टचपॅडची कड वर आलेली आणि तळाच्या जोडात नख जाईल एवढी फट. बॅटरी फुगली होती. लगेच शटडाउन केलं, चार्जर काढला, स्क्रू सोडवून ती अलगद बाहेर घेतली. चपटी असायची ती मधून उशीसारखी झालेली. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि पुन्हा लावायची तर मुळीच नाही. माझी ई-कचऱ्यात दिली.

बाकी यंत्राबद्दल तक्रार नाही. ड्युअल कोअर, ४ जीबी रॅम, जुनी एसएसडी. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) डेस्कटॉपशिवाय टाकलंय, त्यावर पानं पाठवणारा एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रोग्राम, काही स्टॅटिक (न बदलणारी) पानं आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालणारी छोटी नोंदवही. सगळं मिळून ३०० एमबी रॅमही लागत नाही. स्क्रीन बंद असताना मीटरवर १४ वॅट दिसतात, म्हणजे महिन्याला साधारण १० युनिट. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लॉगिनडीच्या (झाकण, पॉवर बटण वगैरे सांभाळणाऱ्या लिनक्सच्या सेवेच्या) सेटिंगमध्ये ‘इग्नोअर’ लिहिलं, तेवढंच. पडून राहिलेली वस्तू इतकं काम करते याचं मला अजूनही कौतुक आहे.

पण बॅटरी! पहिले काही महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की लॅपटॉपला यूपीएस अंगचाच असतो. ते म्हणणं आता मागे घेतो. वीज गेली की राउटरही बंद पडतो, मग सर्व्हर जागा असून साइट कुणाला दिसणार? आणि त्या बदल्यात बॅटरी रात्रंदिवस १०० टक्क्यांवर, वर झाकण मिटलेलं असल्याने उष्णता कोंडलेली. लिथियम-आयन बॅटरीला नेमक्या याच दोन गोष्टी सोसत नाहीत. हे मला माहीत होतं, तरी मी चालढकल केली. काही लॅपटॉपमध्ये टीएलपी हा लिनक्सवरचा वीज-बचतीचा प्रोग्राम वापरून चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवता येतं. आपल्याला ती सोय आहे का, हे त्याचीच टीएलपी-स्टॅट ही कमांड बॅटरीच्या भागात सांगते. माझ्या मॉडेलला नाही. सात महिन्यांपूर्वी एवढं तपासलं असतं तर बॅटरी पहिल्याच दिवशी काढून ठेवली असती.

अर्थात बॅटरी काढून सगळं सुरळीत झालं असंही नाही. वीज गेली की सर्व्हर जागच्या जागी बंद. एक्सटी४ या फाइलसिस्टमला जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) असल्यामुळे ती आतापर्यंत दरवेळी नीट उभी राहिली. खरा त्रास पुढचा: वीज परत आली तरी लॅपटॉप आपणहून सुरू होत नाही. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) त्याचं सेटिंग सहसा असतं, माझ्या लॅपटॉपमध्ये नाही. दोनदा साइट रात्रभर बंद राहिली, सकाळी बटण दाबलं तेव्हा चालू झाली. शेवटी बायोसमध्येच रोज ठरावीक वेळी चालू होण्याचा अलार्म सापडला. तो पहाटे पाचला लावलाय. यंत्र आधीच चालू असेल तर काही होत नाही, बंद असेल तर उठतं.

काही लॅपटॉप बॅटरी नसली की प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवतात, म्हणून काढल्यावर तेही तपासलं. माझा उतरला नाही.

नवी बॅटरी घेणार नाही. तेवढ्या पैशांत राउटर आणि लॅपटॉप दोघांना पुरेल असा छोटा यूपीएस बघतोय.